हात न उचलण्याचा करार

त्यांना सगळे तोडगाताई म्हणायचे. बाटल्यांच्या कारखान्यात त्या कामगारांच्या युनियनचं काम बघायच्या. संप कितीही चिघळला तरी मालकासमोर बसून वाट काढायच्या, म्हणून हे नाव पडलं. मालक चहा मागवून गोड बोलायला लागला की ताई कप बाजूला सारायच्या. "चहा नंतर. आधी रात्रपाळीचं बोला."

कारखाना बंद पडला, नाव टिकलं. पुढे कोर्टाच्या वरच्या मजल्यावर मध्यस्थी केंद्र निघालं आणि ताईंना बोलावणं आलं. प्रशिक्षण झालं, गळ्यात ओळखपत्र आलं. भिंतीचे वाद, भागीदारीचे वाद यांत ताईंचा हातखंडा. एकमेकांचं तोंड न बघणारे दोन भाऊ ताईंच्या टेबलावरून उठले ते बोलण्याच्या नादात एकमेकांच्या चपला घालून घरी गेले.

केंद्राचे प्रमुख म्हणजे एक निवृत्त वकील. सगळे त्यांना साहेब म्हणत. प्रकरण मिटलं की साहेबांचा चेहरा खुलायचा. नवराबायकोत समेट झाला की ते दोघांना शेजारी उभं करून फोटो काढायचे आणि वऱ्हांड्यातल्या फळ्यावर लावायचे. "आपण घरं जोडतो," असं पाहुण्यांना सांगायचे.

एका सकाळी साहेबांनी ताईंपुढे कागद ठेवला. "नवराबायकोचं आहे. दोन्ही वकिलांनी मसुदा करून आणलाय. तुम्ही फक्त सह्या घ्या."

नवरा गाडी चालवायला शिकवायचा. इस्त्रीचा शर्ट, आवाज लोण्यासारखा. बायको चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. त्यानं तिच्यासाठी खुर्ची ओढली, तेव्हा साहेब दारातून कौतुकानं बघत होते.

"ताई, माझा स्वभाव जरा तापट आहे, मी नाकारत नाही," नवरा म्हणाला. "पण माणूस सुधारू शकतो ना?"

ताईंनी चष्मा नाकावर सरकवून मसुदा वाचायला घेतला. पहिलं कलम: पती पत्नीवर हात उचलणार नाही. दुसरं कलम: पत्नी पतीला उलट उत्तर देणार नाही, विचारल्याशिवाय माहेरी जाणार नाही.

ताईंनी कागद खाली ठेवला आणि पुन्हा उचलला. डोक्यात एकदम सणक गेली.

"हे कुणी लिहिलं?"

"दोघांनी थोडं थोडं सोडलंय," नवऱ्याचा वकील म्हणाला. "तडजोड म्हटली की देवाणघेवाण आलीच."

"यानं काय सोडलं? मारणं?" ताईंचा आवाज चढला. "ते याच्या मालकीचं होतं का, सोडायला? उभं आयुष्य मी मालकाशी भांडले, पण 'आम्ही कामगारांना झोडपणार नाही, बदल्यात त्यांनी तोंड मिटावं' असला कागद पुढे करायची कुणाची छाती झाली नाही."

"ताई, तुम्ही तटस्थ राहायला हवं," वकिलानं आठवण करून दिली.

तेवढ्यात बायको पहिल्यांदा बोलली. "मला सगळं मान्य आहे. कुठे सही करू?"

ताई थबकल्या. टेबलावर पहिल्या झटक्यात सगळं मान्य करणारा माणूस त्यांनी खूपदा पाहिला होता. त्याला कुणीतरी विकत तरी घेतलेलं असायचं, नाहीतर दम तरी दिलेला असायचा. त्यांनी सगळ्यांना बाहेर काढलं आणि दार लोटलं.

"आता बोल. इथलं बाहेर जाणार नाही."

तिनं ताईंकडे बघितलं, आणि त्या नजरेत ताईंना अपेक्षित असलेली भीती नव्हती. राग होता, आणि तो ताईंवरच होता.

"तुम्ही मला एकटीला थांबवून घेतलंत ना? आता घरी गेल्यावर तो विचारणार, आत काय सांगितलंस. काहीच नाही म्हटलं तरी मार, सांगितलं तरी मार. तुमचं दार जितका वेळ बंद, तितका माझा हिशोब वाढत जातो. तुमच्या टेबलावर मी तिसऱ्यांदा बसलेय. आधी मध्यस्थ दुसरे होते. दोन्ही वेळा मिटलं म्हणाले. फळ्यावर वरच्या ओळीत बघा, मी आहे. बाही मनगटापर्यंत ओढलेली."

कारखान्यातला कामगार त्यांच्या डोळ्यांसमोर आला. मालकाशी भांडून तो सायकलवर टांग मारायचा आणि आपल्या घरी जायचा. मालक त्याच्या मागोमाग त्याच्या स्वयंपाकघरात येत नव्हता. म्हणून तर तो टेबलावर ताठ बसू शकायचा. हिनं कशाच्या जोरावर ताठ बसायचं?

"तुला काय हवंय?" ताईंनी विचारलं. विचारताना त्यांनाच संताप आला. दोन वेळा समेट झाला, आणि हा प्रश्न हिला कुणी विचारला नसावा.

"घराची किल्ली. माझ्या एकटीच्या हातात. आणि तो तिथं नको."

"हे खाली न्यायाधीशांपुढे सांगशील? इथलं मला सांगता येत नाही, नियम आहे. तुला येतं."

तिनं आपल्या बोटांकडे बघितलं. काचेच्या कडांनी बोटं चिरलेली होती. मग म्हणाली, "आज सांगते. उद्यावर गेलं तर माझ्याच्यानं व्हायचं नाही."

नवरा मोठ्या वऱ्हांड्यात येरझाऱ्या घालत होता. ताईंनी तिला कारकुनांच्या दारानं काढलं. जिन्यात साहेब आडवे आले.

"कुठे निघालात? गोपनीयता नावाची गोष्ट असते!"

"मी अवाक्षर काढणार नाही," ताई म्हणाल्या. "ती बोलेल. तिचं तोंड तुमच्या नियमानं शिवलेलं नाही. सरका."

साहेब सरकले.

खाली कोर्टात द्यायच्या कागदावर ताईंनी एवढंच लिहिलं होतं: हे प्रकरण मध्यस्थीस योग्य नाही. न्यायाधीशबाईंनी ते वाचलं, नवऱ्याला बोलावून घेतलं आणि बायकोला विचारलं. ती अडखळली, मधेच पाणी प्यायली, पण बोलली. तिनं बाही वर केली. 'समेट जवळपास झालाच होता' म्हणत नवऱ्याच्या वकिलानं मसुदा पुढे केला. न्यायाधीशबाईंनी दुसरं कलम मोठ्यानं वाचलं, तेव्हा वकील खिडकीबाहेर बघू लागला.

नवऱ्यानं घर सोडायचं, दुकानाकडे फिरकायचं नाही, असा आदेश निघाला. आदेश ऐकला आणि नवऱ्याचा लोण्यासारखा आवाज गेला. "बाहेर भेट, मग दाखवतो!" तो भर कोर्टात ओरडला. पोलिसानं त्याचा दंड धरला. त्या दिवशी ती पोलिसांसोबत घरी गेली आणि संध्याकाळपर्यंत कुलूप बदललं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी ताईंना खोलीत बोलावलं. "तुमच्यामुळे केंद्राचं नाव खराब झालं. आधी राग आवरायला शिका, ताई."

"त्यानं हाडं मोडली तर तो तापट स्वभाव, तुम्ही तो समजून घेता," ताई म्हणाल्या. "मी आवाज चढवला तर मी आवरायचं? नाही आवरणार."

साहेबांनी ताईंकडची नवराबायकोची प्रकरणं काढून घेतली. ताई गप्प बसल्या नाहीत. न्यायाधीशबाईंकडे अर्ज, वरच्या कोर्टाकडे अर्ज, पुन्हा अर्ज. शेवटी नियम आला. मारहाणीची तक्रार असेल तर आधी बाईला वेगळ्या दिवशी एकटीला बोलवायचं, नवऱ्याला कळू न देता, आणि तिनं नको म्हटलं तर टेबलाशी आणायचंच नाही. साहेबांनी तो नियम भिंतीवर लावला आणि शेजारी ताज्या जोडप्याचा फोटो लावला. ताईंनी विचारलं, "हिचीही मारहाणीची तक्रार होती ना? हिला एकटीला विचारलं होतं का?" साहेब म्हणाले, "घाईत राहिलं."

ताई तिथल्या तिथं वळल्या, फोटोतल्या बाईच्या घरचा पत्ता घेतला आणि जिना उतरल्या.