धूर बाहेरच जाईल

माझी मोठी मावशी शेवंता हिला हळू बोलता येत नाही. तिचं म्हणणं, पोलाद कारखान्यात कोळसा भाजणाऱ्या कोक ओव्हनवर राबणाऱ्या माणसाशी संसार केला की बाईचा आवाज आपोआप वाढते, कारण घरी आल्यावरही त्याच्या कानात प्लांट वाजत असते. मावसाजी, म्हणजे देवाजी मेश्राम, यावर काहीच म्हणत नाहीत. ते मुळातच कमी बोलतात.

लग्न होऊन मावशी पवनीकडून भिलाईला आली ती सेक्टर ६ मधल्या प्लांटच्या क्वार्टरात. शेजारी एक घर केरळचं, एक आंध्राचं, वर ओडिया. संध्याकाळी जिन्यात उभं राहिलं की कोणाकडे काय तळून राहिले ते नाकालाच कळायचं. मावशीकडून वाळल्या झिंग्यांचा वास यायचा. ठेकेदाराकडच्या पोरांसाठी ती खानावळ चालवायची, त्यामुळे मोठ्या कढईत रोजच काहीतरी परतलं जायचं. त्या वासावर कोणी बोललंच तर एवढंच, की आज वाटीभर इकडे पाठव.

मावसाजी रिटायर झाले आणि क्वार्टर सोडावं लागलं. अमरदीपनं, मावशीच्या मुलानं, जुनवानीकडे नव्या इमारतीत फ्लॅट घेतला. तो रायपूरला नोकरीला आहे. कुम्हारीवरून मोटारसायकलनं रोज जातो-येतो. पोरगा गुणी, पण भांडणाला भितो. दारावर नुसता फ्लॅटचा नंबर लावू असं तो म्हणत होता. मावशीनं पितळी पाटी करून आणली, ठसठशीत अक्षरांत: ‘देवाजी मेश्राम’.

पहिल्याच रविवारी तिनं वांग्यात झिंगे टाकले. जेवण व्हायच्या आत सोसायटीचे सेक्रेटरी दारात हजर. आत या म्हटलं तर आले नाहीत. पाटीकडे बघत म्हणाले, “भाभीजी, यहाँ सब शाकाहारी फैमिली हैं. आप खाइए, आपका घर है. बस, किचन की खिड़की बंद रखिए.”

मावशी तोंड उघडणार एवढ्यात अमरदीपनं तिला हात जोडले. पोराच्या त्या हातांकडे बघून ती गप्प बसली. खिडकी लावली, ती लावलेलीच राहिली. वर्षभर तिनं कोंडलेल्या खोलीत फोडण्या दिल्या. डोळे चुरचुरायचे, मग खोकला सुरू झाला, मग जिना चढताना छाती भरून यायला लागली. डॉक्टरनं तपासून विचारलं, “बाई, विडी ओढता का?”

याचा तिला जेवढा राग आला तेवढा आजाराचाही आला नसेल. “विडी नाई ओढत मी,” घरी येऊन ती म्हणाली, “दुसऱ्याच्या सोयीसाठी धूर पिऊन राहिली.”

डॉक्टरनं स्वयंपाकघरात चिमणी बसवायला सांगितलं होतं. अमरदीपनं लगेच मागवली. बसवायच्या दिवशी मी तिथंच होते.

सुपेल्याचा इलेक्ट्रिशियन भैयालाल आला. त्यानं गॅसपासून अडीच फूट मोजून भिंतीवर पेन्सिलनं रेघ मारली, लेव्हल लावून बघितली, भोकं पाडून बोल्ट ठोकले आणि चिमणीचं धूड त्यावर टांगलं. मग खोक्यातून एक काळी गोल जाळी काढली.

मावशीनं विचारलं, “पाइप कहाँ है?”

“दाई, इसमें पाइप नइ लगे. ये कोयले वाला फिल्टर है. हवा खींचेगा, छानेगा, फिर यहीं छोड़ देगा.”

“यहीं मतलब? मेरे मुँह पे?”

“बास कम हो जाही, दाई. भाप अउ गरमी तो रहिही.”

मावशी अमरदीपकडे वळली. त्यानं मान खाली घातली. सेक्रेटरींनी त्याला पार्किंगमध्ये गाठून सांगितलं होतं, बिना पाइपवाली लावा, म्हणजे वास बाहेर येणार नाही. आणि हा हो म्हणून आला होता.

“कोणासाठी आणलं हे?” मावशीनं विचारलं. “माह्या छातीसाठी, का त्यायच्या नाकासाठी?”

“आई, समझो ना. आपल्याला इथंच राहायचं आहे.”

“इथंच राहायचं हाय म्हणून तर बोलून राहिली. पाहुणी असती तर दोन दिवस सोसलं असतं. धूर बाहेरच जाईल. भैयालाल, पाइप लग सकता है क्या?”

लागत होता. मशीन तेच, फक्त बाहेरच्या भिंतीला भोक पाडावं लागणार होतं. भैयालाल जाऊन सहा इंची पाइप आणि भिंत कापायचं मशीन घेऊन आला. पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून भोक बाहेरच्या बाजूला थोडं उतरतं ठेवावं लागतं, असं सांगत त्यानं मशीन भिंतीला लावलं. सगळ्या इमारतीला हादरा बसला. सेक्रेटरी जवळजवळ धावतच आले. या वेळी सरळ आत.

“बंद कीजिए! बाहर की दीवार सोसाइटी की है.”

मावशीनं ती वर्षभर लावलेली खिडकी उघडली. “इधर आइए. वो जो पाइप दिख रहा है, किसका है?”

पाइप त्यांचाच होता. मावशीच्या बाल्कनीच्या बरोबर वर उघडणारा.

“रोज आपका हींग-लहसुन मेरे कपड़ों पे आता है. मैं कभी आई आपके दरवाजे पे?”

“वो अलग बात है.”

“कैसे अलग? बोलो ना. मुँह से बोलो, क्या अलग है?”

सेक्रेटरी दाराकडे वळले. एकदा पाटीच्या दिशेनं बघितलं आणि निघून गेले.

भैयालालनं पुन्हा मशीन धरलं. भिंत अर्धी कापली गेली असेल, तेवढ्यात वीज गेली. जिन्यातला दिवा मात्र जळत होता. फक्त आमचीच लाइन खालून बंद केली होती, हे कोणाला सांगावं लागलं नाही. अमरदीप खाटेवर बसला. “मी म्हणत होतो ना,” एवढंच पुटपुटला.

मावसाजी उठले. प्लास्टिकची खुर्ची उचलली, पायात चपला घातल्या आणि खाली उतरले. थोड्याच वेळात वीज आली.

मी धावत खाली गेले. जिन्याखाली जिथं सगळ्यांचे मीटर आहेत, तिथं मेन स्विचला पाठ लावून मावसाजी खुर्चीत बसले होते. समोर सेक्रेटरी तावातावानं बोलत होते, आणि चौकीदार पुंडलिक कुठं बघावं हे न कळून स्वतःच्या काठीकडे बघत होता.

मावसाजी म्हणाले, “साहब, मैं कोक ओवन की बैटरी के माथे पे ड्यूटी किया हूँ, नीचे जलता कोयला, ऊपर मई का सूरज. यहाँ तो छाँव है. शाम तक बैठ सकता हूँ.”

आयुष्यात मी त्यांना इतकं सलग बोलताना ऐकलं नव्हतं.

वरून मशीनचा आवाज सुरू झाला. अमरदीप खाली आला तो हातात चहाचा कप घेऊन. कप बापाला दिला. मला वाटलं, आता तो सेक्रेटरींची माफी मागणार. तो बापाच्या खुर्चीशेजारी भिंतीला टेकून उभा राहिला आणि काम संपेपर्यंत हलला नाही. हात त्यानं खिशात घातले.

वर भोक आरपार झालं. भैयालालनं पाइप घातला, बाहेरच्या तोंडाला झडप बसवली, फटी सिमेंटनं बुजवल्या. चिमणीसाठी वेगळा पॉइंट काढताना टेस्टर लावून बघितलं तर बिल्डरनं त्या भिंतीला अर्थिंगची वायर जोडलेलीच नव्हती. “पत्रे का डब्बा है दाई, अर्थिंग नइ रहिही तो झटका मारही,” म्हणत त्यानं बोर्डापासून नवी हिरवी वायर ओढून आणली. मग बटण दाबलं. कागद जाळीखाली धरला तर तो चटकन वर चिकटला.

मावशीनं त्याच संध्याकाळी झिंगे भाजले. धूर सरळ वर गेला आणि भिंतीतून बाहेर. बाहेर कोणाच्या खिडक्या लागल्या, कोणाच्या उघड्या राहिल्या, ती बघायला गेली नाही.

पुढच्या रविवारी सेक्रेटरींनी पाइपावरून सोसायटीची मीटिंग बोलावली. अमरदीप म्हणाला, मी जातो. मावशी म्हणाली, “तू ये, पण बोलीन मी.” तिथं उभी राहून तिनं एकच सांगितलं: “पाइप का नियम बनाना है तो सबका पाइप निकालो. पहला मैं निकालूँगी, दूसरा सेक्रेटरी साहब का.” तेवढ्यात तळमजल्यावरची कमला मागून म्हणाली, “मछली तो हम भी खाते हैं. खिड़की लगाके खाते हैं.” तिच्या नवऱ्यानं तिला बसायची खूण केली. ती बसली नाही. मीटिंगमध्ये ठराव काही झाला नाही.

मावशीचा खोकला पुरता गेलेला नाही. थंडीत औषधाचा पंप ओढावाच लागतो. सेक्रेटरींच्या घरचे तिला बघून तोंड फिरवतात, लिफ्टमध्ये ती असली की जिन्यानं जातात. मावशी तरी रोज ठणठणीत आवाजात त्यांना “नमस्ते जी” म्हणते.

मी एकदा तिला विचारलं, ते उत्तर देत नाहीत, तर कशाला म्हणतेस?

“मी कावून थांबू?” ती म्हणाली. “बोलणं त्यायनं बंद केलं. मी नाई.”