पंप रूममधला वास

"पंप बंद कर," मी म्हणाले. "आत्ताच्या आत्ता."

बर्नार्डने स्विच पाडला. जेसल पार्कमधल्या आमच्या सोसायटीची पंप रूम म्हणजे जिन्याखालची बिनखिडकीची, भट्टीसारखी खोली. दारात सेक्रेटरी मेहताभाई घड्याळ बघत उभे होते. वरची टाकी रिकामी होती आणि बारा वाजता तिसऱ्या मजल्यावरच्या सावंतांच्या नातीचं बारसं होतं.

"मॅडम, पानी तो चाहिए. नहीं तो सावंतभाभी आज मेरा ही नाम रखेगी."

"वाइंडिंग जळालं तर चार दिवस पाणी नाही. चालेल?"

अन्वी, निषाद, पोरांनो, तुमच्यासाठी लिहिते: वाइंडिंग म्हणजे मोटरमधली तांब्याच्या तारेची वेटोळी. त्यांच्यावर वॉर्निशचा लेप असतो. मोटर फार तापली की त्याचा गोडसर, राळेसारखा वास सुटतो. मोटर रिपेअरच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं काढल्यावर तो वास मी विसरणं शक्य नाही. रिटायर झाले तरी महिन्यातून एकदा पंप बघते, ती याच भरवशावर.

बर्नार्ड मूळचा उत्तनचा, माझ्याच हाताखाली तयार झालेला. आता त्याचेही केस पांढरे झालेत. त्याने क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरला चिमट्यासारखा लावून करंट मोजायचं यंत्र, वापरून तपासलं होतं.

"करंट बरोबर हाय. बॉडीपन गरम न्हाय."

"मग वास कुठून येतोय?"

"वास हाय खरा," तोही गोंधळला.

मीटर रूममध्ये गेले. तिथेही तोच वास. सोसायटीच्या ऑफिसात गेले. तिथेही. अख्ख्या बिल्डिंगचं वायरिंग एकाच वेळी कसं तापेल? नसलेले वास येणं हे या वयात चांगलं लक्षण नाही, हेही मनात येऊन गेलं. मेहताभाईंना विचारलं.

"आता है ना. मंदिर जैसा."

म्हणजे डोकं ठीक होतं. बाकी काहीच कळेना. साडेअकरा झाले. सावंतवहिनी रिकामी बादली घेऊन खाली आल्या आणि आमच्यासमोर उभ्या राहिल्या.

बर्नार्डने घसा साफ केला. "मॅडम, रागावू नका. तुमीच शिकवलंय, एका टायमाला एकच गोष्ट काढून बघायची."

"मग काढ की."

"तुमी भायेर जावा."

मी गेटपाशी जाऊन उभी राहिले. पंप दहा मिनिटं चालला. बर्नार्ड बाहेर आला. "आत वास न्हाय." मग त्याने माझ्या ओढणीपासून हातभर अंतरावर थांबून हुंगलं. "हितं हाय."

अन्वी, तू पाठवलेलं ते नीश, म्हणजे मोजक्या शौकिनांसाठी बनवलेलं, परफ्युम सकाळी पहिल्यांदाच लावलं होतं. तेव्हा त्याला नुसता संत्र्याच्या सालीचा वास होता. फिकं वाटलं म्हणून ओढणीवर आणखी दोनदा मारलं. तीन तासांनी, घामाने आणि उकाड्याने, त्यातून राळ आणि लोबान बाहेर येईल हे मला कोण सांगणार? घरी येऊन बाटलीबरोबरचं कार्ड वाचलं. त्यावर सगळं लिहिलेलं होतं.

टाकी वेळेवर भरली. सावंतवहिनींनी मला मुद्दाम पाळण्याशेजारी बसवलं. "आज धूप लावायला नको," म्हणाल्या. बाळ छान झोपलं होतं.

फॉल्ट शोधताना तपासायच्या गोष्टींत शोधणाऱ्यालाही धरावं, आणि शक्यतो पहिल्या नंबरावर. परफ्युम आवडलं का, ते मात्र अजून ठरत नाही. ओढणी धुतलेली नाही. पंपाच्या दिवशी ती कपाटात राहील.