धोंडाबाईंची बिनधुराची चूल

पौडच्या जत्रेत तंबूतला सिनेमा आला होता. धोंडाबाई तो एकदा पाहून आल्या आणि दारातच थुंकल्या.

"ती बाई अर्धा तास रडली," त्या मला म्हणाल्या, "आन नाकातनं पानी न्हाई आलं. असं कुटं रडत्यात? शी!"

सिनेमावर त्या पुन्हा कधी बोलल्या नाहीत. मी मराठी घेऊन बी.ए. झालो होतो. कॉलेजात करुण रसावर वीस पानं लिहिली होती. त्या वीस पानांत नाक कुठेच नव्हतं.

साल सत्तावन्न. मी पौडच्या शाळेत मास्तर होतो आणि कासार आंबोलीला धोंडाबाईंच्या पडवीतल्या खोलीत राहत होतो. त्या पन्नाशीच्या. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली. दोन एकर भातखाचरं एकट्या सांभाळत. मला त्या 'बीए' म्हणत. सगळं गावच म्हणे, पण त्यांच्या तोंडी ते एखाद्या दुखण्याचं नाव वाटे.

नव्या वस्तूंची त्यांना किळस होती. मी स्टोव्हवर चहा केला की त्या तोंडाला पदर लावत. "घासलेट पितोस व्हय रं?" अल्युमिनियमचं पातेलं त्या चिमटीत धरत, मेलेला उंदीर धरावा तसं. चावडीत बॅटरीवरचा रेडिओ आला होता. दिवेलागणीला खेड्यांसाठी कार्यक्रम लागे. एकदा त्यात एक गृहस्थ तान्ह्या मुलाला काय भरवावं ते सांगत होते.

"ह्यानं कितींचं ढुंगान धुतलं, इचारा की," धोंडाबाई दारातून म्हणाल्या. "आन इचारलं तरी बोलतुया का? निस्तं आपलंच चालू. दुसऱ्याचं आयकत न्हाई त्याच्या तोंडाला वास येतो."

रेडिओवाल्यांना मात्र ऐकायचं होतं. दर आठवड्याला त्यांचा छापील कागद येई. गावानं कार्यक्रम ऐकून चर्चा करायची आणि अभिप्राय पाठवायचा. लिहायचं काम माझ्याकडे होतं. गावातल्या श्रोत्यांच्या गटाचे प्रमुख हैबतराव म्हणत, "बीए, चांगलं लिवा. गावाच्या इज्जतीचा सवाल हाय." मी चांगलं लिहीत असे.

त्याच वर्षी चैत्रात ग्रामसेवकानं बिनधुराची चूल आणली. चूल मातीचीच. मागून मातीच्या नळ्यांचं धुराडं, ते छपरातून बाहेर काढलेलं. नमुन्याची पहिली चूल धोंडाबाईंच्या घरात घालायचं ठरलं. त्या हो म्हणाल्या, याचं मला नवल वाटलं.

"डोळं सारखं गळत्यात रं," त्या म्हणाल्या. "बगू, कायी उपेग व्हतोय का."

उपयोग झाला. दोन महिने डोळे गळले नाहीत. मग पाऊस लागला. तो आमच्याकडे चार महिने उघडत नाही. धुराड्याच्या भोकातून पाणी आत येऊ लागलं. चुलीवरच्या फळीवरची लाकडं ओलीच राहू लागली. हे सगळं त्यांनी सोसलं. पण चुलीच्या वर आढ्याला पुढल्या सालचं बी टांगलेलं होतं. वाल, घेवडा, मक्याची कणसं. दरसाल ते धूर खाऊन काळं होई आणि त्याला किडा शिवत नसे. यंदा धूर नव्हता. भाद्रपदात त्यांनी घेवड्याची पुरचुंडी सोडली. दाण्यांपेक्षा भुंगे जास्त होते. ते त्यांच्या हातावर चढले. त्यांनी झटकले नाहीत. हात तसाच माझ्या नाकासमोर धरला. मी मागे सरलो.

"लिव," त्या म्हणाल्या.

नांद्याला त्यांची लेक लीला दिली होती. तिथं दसऱ्यानंतर हीच चूल घरोघर घालणार होते. लीलाचं बी तरी वाचावं, एवढंच त्यांना हवं होतं. जावई कुशाबा सासूचा निरोप कानाआड करी. पण नांद्याच्या चावडीतही रेडिओ होता आणि रेडिओत आलेलं तो खरं मानी. म्हणून शब्द रेडिओतून जायला हवा होता.

"लिव. ही चूल न्हवं, मढं हाय. घराला वरनं भोक पाडलं आन माजं बी भुंग्यांनी खाल्लं. ज्यानं ही काडली त्यानं एक श्रावन हितं काडावा आन ह्यो घेवडा शिजवून गिळावा. नांदंकरांनो, घालू नगा. लिवलंस?"

"लिहितो, मावशी."

मी खोलीत जाऊन लिहिलं : 'धोंडाबाई यांना धूररहित चूल डोळ्यांच्या दृष्टीने हितावह वाटली. तथापि अतिवृष्टीच्या भागात बियाण्याच्या साठवणुकीबाबत काही अडचणी संभवतात. अधिक मार्गदर्शन व्हावे.' तीन वाक्यं. मला ती आवडली होती.

पंधरा दिवसांनी रेडिओवर गावाचं नाव आलं. चावडी गप्प झाली. निवेदिका म्हणाली, "कासार आंबोलीच्या धोंडाबाई यांना धूररहित चूल डोळ्यांच्या दृष्टीने हितावह वाटली." मग भजन लागलं.

हैबतरावांनी टाळी वाजवली. गेणबा मागून ओरडला, "आगं धोंडे, हितावह! कवा शिकलीस गं?" सगळे हसले. धोंडाबाई हसल्या नाहीत. त्या माझ्याकडे पाहत होत्या.

घरी आल्यावर म्हणाल्या, "काय लिवलं हुतंस ते वाच."

मसुदा वहीत होता. मी वाचला.

"'संभवतात' म्हंजी?"

"म्हणजे… होऊ शकतात."

"होऊ शकत्यात? झाल्यात की. हात दाखवला व्हता ना तुला?"

"बाकीचं त्यांनी वाचलंच नाही, मावशी. नाहीतर—"

"वाचलं असतं तरी कुशाबाला काय कळलं असतं?"

त्यांनी तोंडाला पदर लावला. आजवर तो पदर मी वस्तूंसाठी पाहिला होता. मी वही मिटली.

सकाळी त्या नांद्याला निघाल्या. मी मागून चालू लागलो. त्यांनी ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. पिरंगुट गेलं, लवळे गेलं.

लीलाच्या घरात चूल निम्मी झाली होती. गवंडी नळ्या जोडत होता. कुशाबा खुशीत होता.

"या मामी! दसऱ्याची बी वाट बगितली न्हाई. रेडिओत तुमचं आयकलं आन सकाळीच गवंडी बलिवला."

"म्या न्हाई सांगितलं."

"आवो, तुमचं नाव घेतलं की! आक्ख्या गावानं आयकलं."

"ह्यो बोलला." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "माजं नाव लावून."

कुशाबा माझ्याकडे वळला. "मास्तर, खरं काय ते सांगा."

मला एक वाक्य सुचलं होतं. 'वस्तुतः'नं सुरू होणारं. तेवढ्यात धोंडाबाईंनी कमरेची पुरचुंडी सोडली आणि घेवडा ओल्या चुलीवर ओतला. भुंगे चिखलात पांगले. गवंड्यानं हात मागे घेतला.

"बी किडलं," मी म्हणालो. "सगळं. छपरातून पाणीही येतं. घालू नका."

कुशाबानं वाकून दाणे पाहिले. एक फोडला. आतून पीठ गळलं. "ऱ्हाऊ दे," तो गवंड्याला म्हणाला.

लीला जुन्या चुलीपाशी बसली होती. तिचे डोळे लाल होते. "आये, मंग माझ्या डोळ्यांचं काय करू?"

धोंडाबाईंनी जुन्या चुलीकडे पाहिलं, नव्या चुलीकडे पाहिलं. दोन्हींकडे सारख्याच तिटकाऱ्यानं.

"गळू देत," त्या म्हणाल्या. "बी तरी ऱ्हाईल."

परतीला पिरंगुट आलं. तिथं त्या मागे न वळता म्हणाल्या, "खोलीत ऱ्हा. पन आजपास्नं माजं नाव तुझ्या कागदावर नगं."