मारिंब्याला करंजाचं तेल

लाकडाला तेल लावू नये असं आमच्या गावात कुणाला सांगितलंत, तर तो तुम्हाला वेड्यात काढेल. नांगर, मुसळ, दाराची चौकट, पाळण्याच्या दांड्या, सगळ्यांना वर्षातून एकदा करंजाचं तेल लागतंच. कडू तेल, उग्र वासाचं. वाळवी त्याच्या वाटेला जात नाही, बुरशी धरत नाही. शेणव्याच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी आमचं गाव. तिथे ओढ्याच्या काठाला करंज आपोआप उगवतो. बिया वेचायच्या, घाण्यावर न्यायच्या आणि तेलाची बाटली आढ्याला टांगून ठेवायची. त्या तेलाने माझं काय केलं, किंवा खरं तर त्याच्या आडून मी काय केलं, ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

मुरबाडच्या बाजूला एक निवासी शाळा आहे. पैसेवाल्यांची मुलं तिथे डोंगर बघत शिकतात. बारावी होऊन मी तिथे मुलींच्या वसतिगृहावर लागले. पदाचं नाव ‘ताई’. काम म्हणजे वेण्या घालायच्या, ताप बघायचा, हरवलेले मोजे शोधायचे. अकरा महिन्यांचा कागद, दर जूनला नवा. नवा निघतो की नाही या घोरात माझे एप्रिल-मे जायचे.

त्या शाळेच्या संगीत हॉलमध्ये एक मारिंबा होता. कुणा परदेशी पालकाने देश सोडताना शाळेला देऊन टाकलेला. दोन खाटा टोकाला टोक लावून ठेवाव्यात एवढा लांब. शिसवीच्या साठेक पट्ट्या दोन रांगांत मांडलेल्या, डावीकडे हातभर लांब, उजवीकडे जाता जाता वितीएवढ्या, आणि प्रत्येक पट्टीखाली आवाज घुमवायला एक नळी. काठ्यांच्या टोकांना लोकरीचे गोळे असतात, त्यांनी वाजवायचं. शनिवारी मुंबईहून एक सर शिकवायला येत. मुलींच्या वर्गात एक बाई बसलीच पाहिजे असा शाळेचा नियम, म्हणून मी कोपऱ्यात स्टुलावर बसायची. संगीतासाठी नव्हे, नियमासाठी.

लाकडाचा आवाज टिकत नाही. टक्क वाजला की संपला. तो लांबवायचा तर दोन काठ्या इतक्या भराभर पडल्या पाहिजेत की ऐकणाऱ्याला एकच सूर लांबतोय असं वाटावं. एका शनिवारी सर मुलींना तेच शिकवत होते आणि मुली कोपरापासून हात आपटत होत्या. तासभर ते ऐकून माझं डोकं उठलं. मी टेबलावरच्या दोन पेन्सिली उचलल्या आणि स्टुलाच्या कडेवर मनगटातून वाजवून दाखवलं, की असं करा, हात मोडाल नाहीतर. सर माझ्याकडे बघतच राहिले. कुठे शिकलात म्हणाले. मी सांगितलं, बा ताशा वाजवतो.

माझा बा लग्नसराईत ताशा वाजवायचा, अजूनही वाजवतो. बाकीचं वर्ष भात आणि नाचणी. ताशाची तर्री, तो न तुटणारा कडकडाट, मनगटातून येते, कोपर हलला की मेली, हे मी चालायला लागायच्या आधीपासून ऐकत आले होते. घरात कुणी ते विद्या म्हणून शिकवलं नव्हतं. तुम्ही पोळ्या लाटायला जसं शिकता तसं ते आलं.

पुढच्या शनिवारपासून वर्ग सुटला की सर मला शिकवायला लागले. आधी दोन काठ्या, मग एकेका हातात दोन अशा चार. चार काठ्या धरणं म्हणजे बोटांना नवी हाडं फुटण्याची वाट बघणं. पहिल्या दोन बोटांच्या बेचक्यात फोड यायचे, फुटायचे, त्यावरच पुन्हा काठी बसायची. वर्षभराने सरांनी एक एकट्याने वाजवायची रचना काढली, आठ मिनिटांची. त्यांच्या शिष्यांपैकी दोघांनी ती अर्ध्यात सोडली होती. सुरुवातीला चारही काठ्यांवर संथ, लांबवलेले सूर. मध्ये डावा हात एकच चाल धरून बसतो आणि उजवा त्याला न जुमानता धावतो. शेवटी दोन्ही हात सुटतात. मला कागदावरचे सूर वाचता येत नव्हते. मी ती ताशासारखी तोंडाने म्हणून पाठ केली.

सर म्हणाले, वार्षिक संमेलनात संस्थेच्या लोकांसमोर ही नीट वाजवलीस, तर संगीत विभागात सहायक म्हणून तुला कायम करायला मी त्यांना भाग पाडीन. कायम. त्या एका शब्दासाठी मी दीड वर्ष बोटं सोलून घेतली. कलेबिलेसाठी नाही, उगाच खोटं कशाला बोलू.

सुट्टीत घरी गेले की वाजवायला काही नसायचं. मी जुनी वर्तमानपत्रं खळीने चिकटवून त्यावर सगळ्या पट्ट्या मापाने आखल्या आणि तो कागद अंगणात अंथरला. बाने बांबूच्या काठ्या तासून दिल्या, टोकाला माझ्या जुन्या स्वेटरची लोकर गुंडाळली. मी कागदावर वाजवायची आणि बा ओट्यावर बसून ऐकायचा. ऐकायला काही नव्हतंच, नुसते धप धप. तरी तो मध्येच म्हणायचा की डावा हात मागे पडला. आणि तो खरंच पडलेला असायचा. शेजारपाजारचे विचारायचे, पोरीला शाळेत पेपर बडवायचा पगार देतात का.

त्या वर्षी पावसाळ्यात सरांचा पाय मोडला. दोन महिने ते आले नाहीत. हॉल बंद, किल्ली माझ्याकडे, आणि आमच्याकडचा पाऊस म्हणजे पेटीतल्या कपड्यांनाही बुरशी येते. ऑगस्टमध्ये एक दिवस दार उघडलं तर पट्ट्यांवर पांढरी लव आलेली. मी घाबरले. सरांना फोन करावा असं मनात आलं होतं. पण त्यांना वाटेल हिला साधी किल्ली सांभाळता येत नाही, म्हणून केला नाही. केला तो घरी. दोन दिवसांनी बा आला, एस्टीने, पिशवीत काकड्या आणि तेलाची बाटली घेऊन.

त्याने आधी एका पट्टीवरून अंगठा फिरवला. “शिसव हाय गो ही,” तो म्हणाला. “कोरडी पडलेय. तेल मागतेय.”

मी हो म्हटलं. हे मला नीट लिहायचं आहे. तो विचारत होता आणि मी हो म्हटलं. आम्ही दोघांनी फडक्याने बुरशी पुसली आणि तेल लावायला बसलो. खालची रांग त्याने केली, वरची मी केली. तो पट्टी पट्टी हातात घेऊन दोन्ही अंगांनी तेल जिरवत होता, तान्ह्या पोराला न्हाऊ घालायच्या आधी लावतात तसं. माझ्या त्या परक्या वाद्यात बाला करण्यासारखं काहीतरी सापडलं याचा मला फार आनंद झाला होता. पट्ट्या काळ्याभोर चमकायला लागल्या. दुपारच्या एस्टीने तो परत गेला.

दुसऱ्या दिवशी मी वाजवायला गेले तर आवाज मेलेला. जाड पट्ट्या तर ओल्या ओंडक्यावर हात मारल्यासारख्या. वाटलं, सुकलं की येईल. आठवडा गेला तरी आला नाही. मारिंब्याच्या पट्टीला तेल पाजायचं नसतं, तिचा सूर तिच्या कोरडेपणात असतो, हे आमची कुठली पिढी आम्हाला सांगणार होती? करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.

सप्टेंबरात सर कुबडी घेऊन आले. एक पट्टी वाजवली, वास घेतला, दुसरी वाजवली. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी हळू आवाजात विचारलं, हे कुणी केलं.

“बाने,” मी म्हटलं.

एवढंच. मी आणि बाने नाही, मी सांगितल्यावरून बाने नाही. शिवाय, मी नसताना माझ्या खोलीतली किल्ली घेऊन तो आत गेला होता, असं मी न विचारता पुढे जोडलं. माझ्या डोळ्यांसमोर जूनचा कागद होता.

सरांनी प्रिन्सिपल मॅडमना कळवलं आणि मॅडमनी बाला बोलावून घेतलं. तो लग्नात घालायचा शर्ट घालून आला. चपला ऑफिसच्या बाहेर काढल्या. मॅडमनी विचारलं, मुलगी नसताना तुम्ही हॉल उघडून घेतलात आणि वाद्याला तेल लावलंत? बाने माझ्याकडे एकदा बघितलं. मी भिंतीवरचं वेळापत्रक वाचत होते.

“मीच लावला तेल,” तो म्हणाला. “पोरीला ठाव नव्हता. चुकला माझा.”

मॅडमनी त्याला समज दिली. फाटकावरच्या वॉचमनला सांगितलं, की या माणसाला विचारल्याशिवाय आत सोडायचं नाही. बा सगळ्यांना नमस्कार करून गेला. मी त्याला फाटकापर्यंत सोडायला गेले नाही, मुलींच्या जेवणाची वेळ झाली होती म्हणून. हे कारण मी तेव्हा स्वतःला दिलं होतं, आणि ते इतकं फालतू आहे की आजही आठवतं.

सरांनी महिनाभर खपून पट्ट्या स्पिरिटने पुसल्या, वाळवल्या. बहुतेकींचा आवाज परत आला. जाड पट्ट्यांपैकी पाच मात्र मुक्याच राहिल्या. त्यांच्यावर मधोमध न मारता जरा कडेला, जरा जोरात मारायचं, असं मला नव्याने शिकावं लागलं. गंमत अशी, की त्या पाचातल्या तीन वरच्या रांगेतल्या होत्या. म्हणजे माझ्या हातच्या.

जानेवारीत संमेलन झालं. बाला आत सोडायची परवानगी मी मॅडमकडून मागून घेतली होती. तो शेवटच्या रांगेत गाड्यांच्या ड्रायव्हरांबरोबर बसला होता. मी स्टेजवर चार काठ्या धरून उभी, आणि मॅडम माइकवर इंग्रजीत माझी ओळख करून देत होत्या. खेड्यातली मुलगी, वेण्या घालणारी ताई वगैरे. मग त्यांनी तेलाची गोष्ट काढली. हिच्या भोळ्या वडिलांनी लाखो रुपयांच्या वाद्याला नांगर समजून तेल चोपडलं, आणि तरीही ही मुलगी बघा कुठे पोचली. हॉल हसला. कुजकेपणाने नाही, चांगल्या घरची माणसं हसतात तसा. शेवटच्या रांगेत बासुद्धा हसला. सगळे हसत होते म्हणून मीही हसले.

मग मी वाजवलं. सुरुवातीचे संथ सूर मी माझ्या आयुष्यात तितके लांब कधी धरले नव्हते, आणि ते धरणारं मनगट बाचं होतं. मधल्या भागात डावा हात एकदाही मागे पडला नाही. मुक्या पट्ट्या आल्या की मी त्यांच्यावर राग काढत होते, आणि लोकांना वाटलं असेल की रचनाच तशी आहे. आठ मिनिटांत एक चूक नाही. लोक उभे राहिले. संस्थेच्या अध्यक्षांनी फुलं दिली आणि माइकवरच जाहीर करून टाकलं, की ही आता संगीत विभागात. इतकी वाट बघितलेला तो क्षण मला बेचव लागला.

दुसऱ्या दिवशी मी बाबरोबर घरी निघाले. सरळगावच्या नाक्यावर शेणव्याकडे जाणारी जीप भरायची वाट बघत आम्ही आत बसलो होतो. फुलं माझ्या मांडीवर होती.

“काल सगली हसली ती कशाला गो?” बाने विचारलं.

“तुझं कौतुक केलं मॅडमनी,” मी म्हटलं. “म्हणाल्या, बापामुळे पोरगी शिकली.”

त्याने ड्रायव्हरच्या रिकाम्या सीटकडे नजर वळवली.

“ऑइल मला कळतो,” तो म्हणाला. “फादरपण कळतो. येवढा इंग्लिश येतो मला.”

मी मांडीवरच्या फुलांचा कागद सारखा करू लागले. तेवढ्यात दोन बाया मागे येऊन बसल्या आणि त्याने सरकून त्यांना जागा दिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, “हसू दे. तुझा काम पक्का झाला ना? मंग हसू दे.”

त्यानंतर तो विषय त्याने कधी काढला नाही. मीही काढला नाही. माफी मागायची तर मला आधी सगळं मोठ्याने म्हणावं लागलं असतं, आणि आमच्या घरात असं मोठ्याने कुणी काही म्हणत नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली आहे. ती सोयीची आहे. सर आता येत नाहीत, त्यांचा वर्ग मीच घेते. माझा कागद आता जूनमध्ये बदलत नाही.

दर वर्षी नवी मुलं आली की पहिल्या तासाला मी त्यांना मारिंबा दाखवते, पट्ट्यांना काय लावायचं नाही ते सांगते. रुक्ष सांगितलेलं मुलांच्या लक्षात राहत नाही, म्हणून मॅडमनी सुचवल्यापासून ती तेलाची गोष्ट सांगते. मुलं खूप हसतात, आणि मग कधीच पट्ट्यांना बोटसुद्धा लावत नाहीत. गोष्टीत मी त्या दिवशी तिथे नसते, तेल लावणारा बा एकटाच असतो. या जूनमध्येही मी ती तशीच सांगितली.