मायच्या झिजलेल्या दाढा

माझी माय सकाळी उठली की डावा गाल हाताने दाबून चुलीपुढं बसायची. तोंड जेमतेम दोन बोटं उघडायचं. भाकरी वरणात कुस्करून ती न चावताच गिळायची. वऱ्हाडाचा कारभार नागपूरहून चालायचा तेव्हाची ही गोष्ट. मी आठ-नऊ वर्षांची असेन. बाजारात दात काढणाऱ्या माणसानं तिच्या दोन दाढा उपटल्या. दोन्ही धडधाकट निघाल्या आणि दुखणं होतं तिथंच राहिलं.

शेवटी बाबा आम्हाला गाडी जुंपून नांदुऱ्याला एका म्हाताऱ्या हकीमसाहेबांकडे घेऊन गेले. त्यांनी मायच्या तोंडात डोकावून पाहिलं, मग तिच्या दोन्ही कानांखाली बोटं टेकवून म्हणाले, "दात आवळ, बेटी."

गालांवर लिंबाएवढे गोळे टरारून आले. माझ्या मायच्या गालात एवढं काही असेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

"इतकी ताकद तं पहिलवानाच्या दंडात नाही," हकीमसाहेब बाबांना म्हणाले. "दाढा घासून घासून सपाट झाल्या. रात्री हिच्याजवळ कोण झोपते?"

"मी," मी म्हणाले.

"काही ऐकू येते?"

"येते ना. माय झोपली की तिचे दात कर्रकर्र वाजते."

मला वाटायचं, सगळ्यांच्याच आया झोपेत तसा आवाज करतात. त्या आवाजावरच मला झोप लागायची.

"मी?" माय म्हणाली. "मंग मले कसं नाही ऐकू आलं?"

"झोपेत करतं तू, तुले कसं समजन? जबडा रातभर राबते, म्हणून सकाळी दुखते."

माय आपला गाल चाचपत राहिली, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता.

त्यांनी गरम फडक्याचा शेक सांगितला, मऊ खायला सांगितलं, आणि दिवसा ओठ मिटलेले पण दात सुटे ठेवायला. चार दिवसांनी वांग्याच्या वाफ्यात खुरपं थांबवून माय मला म्हणाली, "अवं, मी तं जागेपणीही आवळूनच राह्यली होती!" मग पाणी भरताना, आजीचं बोलणं ऐकताना, ती मधेच थांबून जबडा सैल सोडायची.

झोपेतला आवाज कमी झाला, पुरता गेला नाही. पण महिन्याभरानं एका दुपारी ओट्यावर बसल्या बसल्या तिला जांभई आली. मोठी, तोंडभर. बाबा बोलायचे थांबले. आम्ही सगळे तिच्याकडे पाहतच राहिलो.