मेंढ्याला फेटा, नवरदेव बोडका

मुठ्याच्या धुळा धनगराइतका हौशी गडी उभ्या मुळशीत शोधून सापडला नसता. मेंढरं भादरायची कातर हातात आली की तो असा रंगात यायचा, की बघणाऱ्यालाही आपलं डोकं पुढं करावंसं वाटायचं. अठ्ठावन्न साली नांद्याच्या कोंडाजीच्या सुंदराशी त्याचं लग्न ठरलं. सासऱ्याला आहेर म्हणून धुळानं कळपातला एकुलता एक पांढरा मेंढा निवडला आणि लग्नाच्या आदल्या दिवशी तो असा भादरला, की अंगावर लोकरीचा पुंजका उरला नाही. मेंढा नुकत्याच न्हाऊ घातलेल्या बाळासारखा गुलाबी दिसू लागला. त्याच झपाट्यात धुळानंही न्हाव्याकडून शेंडीपुरते केस ठेवून डोक्याचा गोटा करून घेतला.

त्यानं जन्मभर काळी मेंढरं भादरली होती आणि त्यांना उन्हानं कधी काही झालं नव्हतं. पांढऱ्या मेंढ्याची कातडी कोवळी असते, हे त्याच्या गावीही नव्हतं.

पहाटे वऱ्हाड पायी निघालं. ऊन चढलं, तशी वैशाखाची धग लागून मेंढ्याची पाठ लालभडक झाली आणि त्यानं वाटेतच फतकल मारली. धुळानं पाठीवर हात ठेवताच जनावर थरथरलं. धुळाला गलबलून आलं. त्यानं डोक्याचा नवा कोरा फेटा सोडला, ओढ्यात भिजवला आणि मेंढ्याला गुंडाळला.

"आरं, नवरदेवानं बोडकं जायाचं न्हाई," मामा कुशाबा ओरडला. त्यानं आपलं मुंडासं पुढं केलं, पण मामाला बोडकं करायला धुळाचं मन घेईना.

"माझं डोकं म्हंजी दगुड हाय, मामा. त्याला काय हुतंय?"

नांद्याच्या शिवेवर नवरीची आत्या सारजाबाई ओवाळायला उभी होती. समोरून गोटा केलेला, उघड्या डोक्याचा नवरदेव येताना दिसला आणि तिच्या हातून ताट सुटलं. धनगराचं डोकं उघडं म्हणजे घरात मयत, दुसरं काय असणार? तिनं गळा काढला, बाकीच्या बायकांनी साथ दिली, वाजंत्री थांबली.

"कोण गेलं रं लेकरा?"

"कुणी न्हाई, आत्या. मेंढ्याला ऊन लागलंय."

रडणं अर्ध्यातच अडलं आणि बायका पोट धरून हसायला लागल्या. डोळ्यांतलं पाणी तेच, कामाला मात्र दुसऱ्याच आलं. कोंडाजी तेवढा हसला नाही.

"बोडक्याला मी पोर द्यायाचा न्हाई. फेटा बांध, न्हाईतर माघारी फिर."

सुंदराशिवाय धुळा माघारी फिरणार नव्हता. त्यानं आधी मेंढ्याला मांडवाच्या सावलीत बांधलं, मग त्याच्या पाठीवरचा वाळलेला फेटा सोडून आपल्या डोक्याला पहिला वेढा दिला आणि गडी कमरेइतका उंच उडाला. सगळं डोकं भाजून निघालं होतं. त्यानं दात-ओठ खाऊन पुन्हा वेढा घेतला, पुन्हा उडाला. वाजंत्रीवाल्यानं तर चुकून ठेकाच धरला. हसून हसून माणसं खाली बसली, पण कोंडाजी हलेना, आणि धुळाच्या डोळ्यांत आता खरंच पाणी उभं राहिलं.

तेवढ्यात आतून सुंदरा आली. हळदीनं माखलेली, भर मांडवात, सगळ्या पुरुषमाणसांच्या देखत. तिनं आपला पदर घागरीत बुडवला, धुळाच्या अगदी खांद्याला खांदा लावून उभी राहिली आणि तो गार, ओला पदर त्याच्या डोक्यावर अलगद पसरला.

"झाकलं डोकं, आबा," ती म्हणाली. "आता लावा लगीन."

कोंडाजीनं भटजीला हातानं खूण केली. भटजी अंतरपाट घेऊन पुढं झाला, पण तो धरायचा कुठं? नवरा-नवरी एकाच पदराखाली उभे होते आणि मधे बोटभरही जागा नव्हती.