सर्व्हरवाल्या अक्का

‘स्लो’ हा शब्द अक्कांसमोर उच्चारायची आमच्या स्टुडिओत कुणाची टाप नव्हती. कुणी चुकून “अक्का, सर्व्हर स्लो आहे” म्हटलं, की त्या चष्मा कपाळावर सरकवून शांतपणे विचारायच्या, “किती? कशापेक्षा? कधीपासून?” उत्तरं नसतील तर आपण मुकाट्यानं खुर्चीवर परत जायचं. मी नवीन असताना एकदा म्हणाले, “खूपच स्लो आहे हो.” त्यावर म्हणाल्या, “खूप हे काय माप झालं शुभा? भाजीवाल्याला काय सांगतेस, खूप वांगी दे?”

आमचा स्टुडिओ हैदराबादेत, बरकतपुऱ्यात. लग्नाच्या फिल्म आणि अल्बम करायचा. मालक जुने हैदराबादी, उर्दू बोलणारे. सगळे त्यांना भाई म्हणत. आम्ही तिघं एडिटर. शूटिंग करून आणलेलं सगळं एका लिनक्स सर्व्हरवर टाकलं जायचं आणि आम्ही आपापल्या कॉम्प्युटरवरून नेटवर्कवर ते उघडून कापाकापी करायचो. स्टुडिओ म्हणजे मुळात राहता फ्लॅट, त्यामुळे सर्व्हर स्वयंपाकघरातल्या ओट्यावर, शेगडीच्या जागी. तो सांभाळायच्या अक्का. सकाळी जामबागेतल्या एका कॉलेजची कॉम्प्युटर लॅब, दुपारनंतर आमचा ओटा.

अक्कांचे वडील नांदेडकडून रेल्वेच्या नोकरीसाठी इकडे आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, गल्लीत तेलुगू, बाजारात दखनी, त्यामुळे अक्कांच्या एका वाक्यात तिन्ही भाषा दाटीवाटीनं बसायच्या. “केबलला हात नक्को लावू, आधी चूडु,” म्हणजे आधी बघ. वडील लवकर गेल्यावर दोघा भावांची शिक्षणं त्यांनीच केली, दोघांची लग्नंही लावून दिली. स्वतःचं राहून गेलं. कुणी विषय काढला तर म्हणायच्या, “रोज दोन-तीन लग्नं बघते मी. अजून किती बघू?”

बिघाड शोधायची त्यांची रीत ठरलेली होती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बदलण्याआधी आकडा लिहून ठेवायचा. आम्ही घाईनं चार गोष्टी एकदम करून मोकळे व्हायचो आणि मग सर्व्हर सुधारला तरी कशानं सुधारला ते कळायचं नाही. “देव पावला म्हणा आणि नारळ फोडा,” अक्का म्हणायच्या, “पण पुढच्या वेळी कुठला देव ते ठाऊक नसणार.”

पाच-सहा वर्षांपूर्वीचा तो रविवार मात्र आमच्या सगळ्यांच्या लक्षात आहे. एका तेलुगू कुटुंबाचं लग्न भल्या सकाळच्या मुहूर्तावर लागलं होतं. नवरीची आजी अंथरुणाला खिळलेली. तिला सकाळी हॉलवर नेणं शक्य नव्हतं. संध्याकाळच्या रिसेप्शनला तासभर चाकाच्या खुर्चीतून आणायचं आणि सकाळच्या लग्नाची फिल्म मोठ्या पडद्यावर तिला दाखवायची, असं भाईंनी शब्द देऊन कबूल केलं होतं. दहाच्या सुमाराला आम्ही फुटेज सर्व्हरवर टाकायला घेतलं आणि पडद्यावर उरलेला वेळ आला, चार तास चाळीस मिनिटं. एरवी हे अर्ध्या तासाचं काम. शिवाय फोटोंचा फोल्डर उघडायला गेलं की नुसतं गोल गोल चक्र फिरायचं.

मग प्रत्येकाची अक्कल चालू लागली. एक म्हणाला व्हायरस, दुसरा म्हणाला डिस्क गेली. भाईंनी एसी वाढवला. मी अक्कांना फोन केला. त्या बेगम बाजारात वर्षाची मिरची घेत होत्या. “कशालाही हात लावू नका,” एवढं म्हणून त्या रिक्षानं निघाल्या आणि मिरचीच्या पिशवीसकट थेट स्वयंपाकघरात शिरल्या. पाच मिनिटांत सगळा स्टुडिओ शिंकायला लागला.

तेवढ्यात नवरीचे मामा चौकशीला आले. हे विशाखापट्टणमला कॉलेजात गणित शिकवायचे; भाई त्यांना मास्टारु, म्हणजे तेलुगूत मास्तर, म्हणू लागले, तेच नाव पडलं. उंच, पांढरं धोतर, केसांत हळदीच्या अक्षता तशाच. ज्या आजीसाठी फिल्म हवी होती ती यांचीच आई. बिचारे दारातच दोनदा शिंकले आणि म्हणाले, “माँ सुबह से तैयार बैठी है. होगा ना?”

“नापल्याशिवाय कैसा बोलूं, साब?” अक्का म्हणाल्या आणि त्यांच्या हातात वही-पेन दिलं. “मैं आकडे बोलती, आप लिखो.”

एवढ्या मोठ्या माणसाला त्यांनी कामाला लावलेलं बघून भाईंनी डोळे मिटले. मास्टारु मात्र मांडी घालून फरशीवर बसले आणि सुबक अक्षरात रकाने आखू लागले.

अक्कांनी आधी सर्व्हरवरच्या सर्व्हरवर एक मोठी फाइल कॉपी केली. भराभर झाली, म्हणजे डिस्क ठीक. मग फाइल-बिइल बाजूला ठेवून नुसता डेटा माझ्या कॉम्प्युटरवरून सर्व्हरकडे पाठवून पाहिला, तर सेकंदाला जेमतेम अकरा एमबी. एरवी शंभराच्या वर असायचा. मास्टारूंनी दोन्ही आकडे लिहिले आणि अक्कांकडे बघून म्हणाले, “दसवाँ हिस्सा. तो रास्ते में गड़बड़ है.”

“हौ,” अक्का म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच हसल्या.

सर्व्हरमागचा एरवी हिरवा असणारा दिवा केशरी दिसत होता. मग दोघंही गुडघ्यांवर बसून भिंतीकडेनं केबलमागे सरकत निघाले, पुढे अक्का, मागे धोतर सावरत मास्टारु. हॉलमध्ये अल्बम ठेवायला नवीन लोखंडी कपाट आलं होतं. त्याचा पाय बरोब्बर केबलवर. “आत आठ तारा असतात,” अक्कांनी आम्हाला सांगितलं. “एक मेली तरी बाकीच्या गाडी ओढतात. म्हणून बंद पडत नाही, नुसती रखडते.” केबल बदलली, दिवा हिरवा झाला आणि कॉपी सुसाट सुटली. भाईंनी चहा मागवला.

“थांबा,” अक्का म्हणाल्या. “फोटो अजून उघडत नाहीत.”

खरंच. मोठी फाइल झटक्यात जात होती, पण चार हजार फोटोंचा फोल्डर तसाच अडून बसला होता. अक्का सर्व्हरसमोर बसल्या, काहीतरी वाचलं. मग आमच्या सगळ्यांकडे वळून म्हणाल्या, “ही चूक माझी आहे.”

झालं होतं असं. दोन आठवड्यांपूर्वी एका एडिटरचं कनेक्शन मधूनच तुटायचं. कारण शोधायला अक्कांनी सर्व्हरला सांगून ठेवलं होतं, तू जे जे करशील ते बारीकसारीक लिहून ठेव. तो आज्ञाधारकपणे लिहीत बसला होता. एकेक फोटो उघडायचा म्हणजे आधी पानभर नोंद. काम झाल्यावर हे बंद करायला त्या विसरल्या होत्या. लहान फोल्डरांत ते जाणवलं नव्हतं, चार हजार फोटोंत उघडं पडलं.

केबलवर सगळं ढकलून त्या गुपचूप हे बंद करू शकल्या असत्या. आमच्यापैकी कुणालाही कळलं नसतं. पण त्यांनी मास्टारूंकडून वही घेतली, शेवटच्या रकान्यात ‘कारण’ म्हणून स्वतःचं नाव लिहिलं आणि म्हणाल्या, “साब, गलती हमारीच थी. माँजी को मेरी तरफ से माफी बोलना.” मग त्यांना हसू फुटलं. खांदे हलायला लागले, डोळ्यांतून पाणी आलं. मिरचीचं की हसण्याचं, सांगता येईना. मास्टारुही हसायला लागले, मग भाई, मग आम्ही. सेकंदाला एकशे नऊ एमबीच्या वेगानं कॉपी चालली होती आणि सगळा स्टुडिओ शिंकत हसत होता.

पाचला फिल्म तयार झाली. ती घेऊन आम्ही सगळेच हॉलवर गेलो. आजीनं ती एकदा पाहिली आणि बोटानं खूण करून पुन्हा लावायला सांगितली. दुसऱ्यांदा फिल्म चालू असताना मास्टारु पडद्याकडे बघत नव्हते. ते अक्कांकडे बघत होते.

वही परत करायच्या निमित्तानं ते दुसऱ्या दिवशी स्टुडिओत आले. वही आमच्याकडेच होती. त्यांची पत्नी जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नव्हतं. पुढे विशाखापट्टणमहून फोन सुरू झाले, कॉलेजच्या लॅबमधल्या सर्व्हरबद्दल. महिन्याभरानं अक्का मला म्हणाल्या, “शुभा, त्यांचा सर्व्हर मी तपासला गं. काही झालेलं नाही त्याला.” कान लाल झाले होते.

“मग कशाला फोन करतात?” मी विचारलं.

“मी पण तेच विचारलं. तर म्हणे, अपनी गलती अपने मुँह से बोलनेवाले को जिंदगीभर ढूँढ रहा था.”

पन्नाशीला टेकलेल्या अक्कांचं लग्न त्यांच्या वस्तीतल्या विहारात लागलं. पांढऱ्या साडीत त्या सर्व्हरच्या नव्या पंख्यासारख्या भिरभिरत होत्या. दोघं भाऊ लहान मुलांसारखे रडले. मास्टारूंची आई चाकाच्या खुर्चीत पहिल्या रांगेत होती. या वेळी तिनं लग्न समोर पाहिलं. आठवड्यानं अक्का विशाखापट्टणमला निघून गेल्या. जाण्याआधी सर्व्हरचा पासवर्ड त्यांनी माझ्या कानात सांगितला, वर माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतला.

त्या लग्नाची फिल्म मी कापायला घेतली. आठ मिनिटांची करायची होती. रोज एखादा शॉट काढायची आणि दुसऱ्या दिवशी परत घालायची. शेवटी झाली एकावन्न मिनिटांची. मी भाईंना दाखवली आणि विचारलं, यातलं काय काढू? भाईंनी सगळी उभ्यानंच पाहिली. मग रुमाल खिशात ठेवत म्हणाले, “इसमें से कुछ नक्को काटो, बेटा.”